पहाटेची पाळी

कसब्यातल्या आमच्या तालमीत हौदा एकच, आणि तोही लहान. दोन जोड्या मातीत उतरल्या की बाकीच्यांनी भिंतीला टेकून उभे राहायचे. म्हणून वस्तादांनी पाळ्या पाडून दिल्या होत्या. मी मांजरीहून डोक्यावर गुळाची ढेप घेऊन पुण्यात आलेला, स्वतःच्या हिमतीवर गुळाचे दुकान थाटलेला, म्हणजे बाहेरचा. मला संध्याकाळची पाळी. पहाटेची पाळी शेजारच्या गूळवाल्याच्या घराण्याची. त्याच्या आजोबांनी म्हणे हौद्याला माती आणून दिली होती. हे तो मला चार दिवसांआड ऐकवी.

एका पावसाळ्यात माझे गुडघे धरले. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, मग पोटाकडे पाहिले.

“शेट, दिवसभर दमलेल्या अंगाने जोर मारून काय होणार? व्यायाम करावा तो पहाटे. पोट रिकामे, वारा गार.”

झाले. मला पहाट हवी झाली. शेजाऱ्याकडे गेलो, म्हणालो, पाळी बदलू या.

“छे! अहो, वाडवडिलांची पाळी ती. बाजारातली मेथी आहे का, की आपण मागावी आणि मी जुडी पुढे करावी?”

तो जितका नाही म्हणाला तितका मी हट्टाला पेटलो. समोरचा जे सोडत नाही ते मोलाचे, हे मी बाजारात शिकलो होतो आणि त्याच जोरावर उभा होतो. तीन दिवस त्याच्या ओट्यावर बसलो. हौद्याच्या मातीत घालायचे वर्षभराचे तेल आणि ताक मी देईन म्हणालो. चौथ्या दिवशी त्याने मोठा सुस्कारा टाकला. “आपल्या गुडघ्यांकडे पाहून देतो हो.” हा उद्या फिरेल अशी मला धास्ती. म्हणून अट मीच घातली: पुढच्या वर्षीच्या नागपंचमीपर्यंत कोणी पाळी बदलायची नाही आणि एक दिवस चुकवायचीही नाही. तालमीतल्या मारुतीच्या पायांवर दोघांनी हात ठेवले.

वैद्यबुवा खोटे बोलले नव्हते, हे कबूल करतो. वाड्यावरचा चौघडा वाजण्याआधी माती खणायची, मग जोर, मग बैठका. महिन्याभरात गुडघे मोकळे झाले. मी खूश होतो. गाढव होतो.

दिवाळी सरली आणि गुळाचा हंगाम आला. गाड्या उजाडता उजाडता जकातीच्या नाक्यावर येतात. तिथे उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरतो, आणि पहिली गाडी जो घेईल त्यालाच त्या शेतकऱ्याचा हंगामभराचा माल. मांजरीचा एक म्हातारा बारा वर्षे मलाच गूळ देत होता. माझ्या डोक्यावर पहिली ढेप चढवली ती त्याच माणसाने. तो थांबेल, असे मी धरून चाललो होतो. त्याची पहिली गाडी यायची त्या दिवशी जोर पुरे केले आणि तसाच, अंगावर लाल माती घेऊन, नाक्याकडे पळालो.

म्हाताऱ्याचा हात उपरण्याखालून बाहेर येत होता. उपरणे शेजाऱ्याचे होते.

“बाबा! बारा वर्षांत असं कधी केलं होतं?”

“आरं, पर तू व्हतास कुठं? बैलं कवाची उभी हायेत. ह्ये म्हनले, तू तालमीत हायेस, यायचा न्हाईस.”

“घटकाभर थांबायचं!”

“आता शबूद गेला, लेका.”

मी शेजाऱ्यावर धावलो. “ठरवून केलंत तुम्ही!”

त्याने उपरण्याची घडी घातली. “मी? अहो, मी तर नाहीच म्हणत होतो. तीन दिवस. अंग झाका, गारवा आहे.”

तेव्हा उजेड पडला. बारा वर्षे घराण्याच्या मानापायी तो पहाटे हौद्यात अडकला होता आणि नाक्यावरच्या चांगल्या गाड्या मी उचलत होतो. तो मान त्याला आपणहून टाकता येत नव्हता. तो मी त्याच्या हातून हिसकावून घेतला, वर तेल-ताक दिले, आणि पळवाट राहू नये म्हणून देवासमोर शपथही घातली!

नागपंचमीपर्यंत एक पहाट चुकवली नाही. दर जोराला त्याची मान खाली दाबतो आहे असे समजून दंड वाकवले. वस्ताद म्हणाले, “शेट, आता अंगात रग आली बघा.” रग कसली आली होती ते त्यांना काय ठाऊक!

मुदत संपली तशी मी संध्याकाळ परत मागितली. शेजारी म्हणाला, “पहाट ठेवा आपल्यालाच. आपल्या अंगी लागली आहे. मला संध्याकाळ मानवते.”

“दुपार तेवढी रिकामी आहे,” वस्ताद म्हणाले. “पण उन्हाचा व्यायाम वाईट. पित्त खवळेल.”

“ते खवळलेलंच आहे. द्या दुपार.”

पुढल्या हंगामात मी काळोखातच नाक्यावर जाऊन उभा राहिलो. शेजारीही आला. म्हाताऱ्याची गाडी दिसली तसे मी उपरणे पुढे केले. त्याने माझ्याकडे पाहिले, क्षणभर थबकला आणि हात शेजाऱ्याच्या उपरण्याखाली घातला. “साल चांगलं गेलं रं त्येंच्यासंगं,” एवढेच म्हणाला.

गाडी हलेपर्यंत मी तिथेच उभा होतो. गुडघे जरासुद्धा दुखले नाहीत.