हावरट

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. डोळे दुखतात, गुडघे दुखतात, वाचणार तरी कोण, अशी कारणं मला रोज सापडत गेली.

विद्यानगरच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो. प्रयोगशाळेत उंदीर असत. पोट भरलं हे ओळखणारा एक भाग मेंदूच्या तळाशी असतो. तो बारीक तारेने जाळला की उंदीर खातच सुटतो, फुगून दुप्पट होतो. मुलं अशा उंदराला ‘नवाबसाब’ म्हणून हसायची. मी चिडायचो, "हसता काय? त्याला पोट भरल्याचं कळतच नाही. तुमचं जाळलं तर तुम्हीही असंच कराल."

मी निवृत्त झालो आणि धाकट्या बहिणीच्या मेंदूत गाठ निघाली. नेमकी तिथेच. ऑपरेशननंतर ती माझ्याकडे राहायला आली. डॉक्टरांनी सांगितलं, स्वयंपाकघराला कुलूप लावा, पण तिला बोलू नका. कुलूप मी लावलं. बोलणंही सोडलं नाही.

"दादा, अर्धीच पोळी दे."

"आत्ता चार गिळल्यास ना, हावरट!"

"खरंच भूक लागलीय रे."

"भूक कसली, जीभ चटावलीय तुझी."

उंदीर पाहुण्यांसमोर ताट चाटत नव्हता. ती चाटायची आणि लाज मला वाटायची.

एका सकाळी ती वाटी घेऊन समोरच्यांच्या दारात उभी राहिली. शेजारीणच तिला परत घेऊन आली. "बीमार है ना भाईसाब, थोडा उपमा दिया मैं. गुस्सा नक्को करो." मी वाटी हिसकावली. सगळी दारं उघडी असताना ओरडलो, "भीक मागतेस?" तिने तोंडातला घास न चावता गिळला.

दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर कबुतरांची ज्वारी चघळताना सापडली. मी हसलो. हो, हसलो.

वाढलेल्या वजनाने तिचं हृदय थकलं. दवाखान्यात गेलो तो ठरवून: तुझ्या मेंदूत काय बिघडलंय हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, असं सांगायचं आणि माफी मागायची. तोंडातून निघालं, "जेवलीस?"

ती दचकली. "फक्त पेज, दादा. नर्सला विचार. मी काही मागितलं नाही."

"अगं, मला..." एवढं म्हटलं, तोच तिने घाईघाईने ओठ पुसले. माफी तशीच राहिली. दुपारी ती गेली.