कौसल्याबाईची हळद

कौसल्याकाकूच्या सुनेचा, ज्योतीचा फोन आला तेव्हा मी वाशिमला ऑफिसात होते. "ताई, आई गेल्या," एवढंच ती बोलली. सकाळी चहा घेऊन काकू खाटेवर टेकली आणि मग उठलीच नाही. मी रिठदला पोहोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं आणि त्याच अंगणात शिजवलेली हळद वाळत पसरलेली होती. ती उचलायचं कोणालाच सुचलं नव्हतं. काकूला बाहेर काढलं तेव्हा खांदेकऱ्यांपैकी एकानंही हळदीवर पाय दिला नाही. सगळे भिंतीच्या कडेकडेनं, अंग चोरून गेले... आज काही आठवड्यांनंतर काकूविषयी लिहायला बसले, तर आधी तेच डोळ्यांपुढे येतं.

काकू आमची शेजारीण. माझी आई आणि ती एकाच बांधावर निंदायला जायच्या. तिचा नवरा गेला तेव्हा मुलगा शाळेत होता आणि शेताचा एक तुकडा हळदीखाली होता. तोवर हळकुंडं व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर जायची आणि तिथंच गोष्ट संपायची. काकूनं ठरवलं, आपणच कांडायची, आपणच पाकिटं भरायची. त्याच सुमारास मी बी.कॉम. झाले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. बाकी सगळे विचारायचे, आता नोकरी कधी लागणार? काकूनं मात्र विचारलं, "त्या तुह्या पुस्तकात माल खपवाचं काही सांगतलं हाये काय वं?" माझ्या शिक्षणाचा कोणाला काही उपयोग होऊ शकतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पाकिटाचं लेबल छापायला आम्ही दोघी रिसोडला गेलो. छापखानेवाला भला माणूस. त्यानं सल्ला दिला, "काकू, लग्नसराईत खपवाची असन तं 'सौभाग्य हळद' नाव ठेवा. देवीचा फोटो टाकून देतो."

काकू म्हणाली, "देवीनं कांडली काय? म्या कांडली. माहं नाव टाक."

मीही तिला हळूच म्हटलं, की नावानं गिऱ्हाईक बिचकेल. विधवेच्या हातची हळद नवरीला लावत नाहीत, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. आणि हळदीचा खरा उठाव तर लग्नसराईतच. काकूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एकडाव खोटं छापलं का जनमभर लपत फिरा लागते, पोरी." लेबलावर छापलं गेलं, 'कौसल्याबाईची हळद, रिठद.'

आठवडी बाजारात तेच झालं ज्याची भीती होती. बाया पाकीट उचलायच्या, वास घ्यायच्या, लेबल वाचायच्या. मग काकूच्या मोकळ्या कपाळाकडे बघायच्या. "घरच्या भाजीले द्या पावभर. लग्नाची आमी वाशिमहून आनू." काकू हसून पावभर द्यायची. परत येताना एस.टी.त मात्र म्हणाली, "पोटात चालते, गालावर चालत नाही. गाल लय नाजूक बाप्पा यांचे!" मी हसले. ती खिडकीबाहेर बघत राहिली...

पुस्तकात नमुना वाटण्याबद्दल एक धडा होता, तो मी तिला समजावून सांगितला. तिनं एकच प्रश्न केला, "पन द्याचा कोनाले?" उत्तर तिनंच शोधलं. गावोगावच्या लग्नांत स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याला तिनं एक पिशवी हळद नेऊन दिली आणि सांगितलं, वरणाचा रंग कोणी विचारला तर नाव सांगायचं, नाही विचारला तर गप्प बसायचं. त्या हंगामात आलूवांग्याची भाजी वाढताना पंगतीत विचारणा व्हायला लागली. बाया पत्ता काढत काकूच्या अंगणापर्यंत आल्या, पण भाजीच्याच हळदीसाठी. मंडप अजून लांबच होता.

मग माझं लग्न ठरलं. मी घरात सांगून टाकलं, मला काकूचीच हळद लागेल. हळदीच्या दिवशी आत्या आईवर उखडली, "काहून वं, पोरीच्या अंगाले कोनाच्या हातची हळद लावून राह्यली?" आई एरवी नणंदेपुढे बोलणारी नव्हे. पण ती शांतपणे म्हणाली, "वन्सं, कालपासून तिच्याच हळदीचं वरन वरपून राह्यल्या तुमी. तवा काही झालं नाही?" मंडपातल्या बाया पदरात तोंड घालून हसल्या. आई स्वतः जाऊन काकूला घेऊन आली.

काकू मंडपाच्या खांबाशी थबकली. आईनं वाटी पुढं केली. काकूनं आधी माझ्या गालावरचा रंग निरखला, मालक माल निरखतो तसा, आणि माझ्या भावाला म्हणाली, "मोबाइल काढ. उजेड चांगला हाये." मग तिनं वाटीत बोटं बुडवली. ती बोटं माझ्या गालावर फिरवली. भाऊ तिचा हात टाळून नुसता माझा चेहरा टिपायला लागला, तर ती ओरडली, "हात येऊ दे त्याच्यात! हळद कोनाची हाये, दिसलं पाह्यजे."

माझा पिवळा गाल आणि काकूचं बिनबांगड्यांचं मनगट. तो फोटो तिनं स्टेटसला ठेवला. काहींनी तिच्याकडून घेणंच बंद केलं. पण पुढच्या सराईत लग्नघरांतूनही मागणी आली, आधी आमच्या ओळखीतून आणि मग अनोळखी गावांतून. धंदा कसा उभा करतात यावर मी नंतर बरीच भाषणं ऐकली. पण आपलं नाव घेऊन लोकांसमोर उभं राहायला काय लागतं, ते मी काकूकडे पाहून शिकले.

परवा रिठदला गेले होते. ज्योती पाकिटं भरत बसली होती. छापखान्यातून निरोप आला होता, की नव्या लेबलावर काकूच्या नावामागे 'कै.' लावायचं का? ज्योतीनं अजून काही कळवलं नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. ज्योतीनं स्पीकरवर घेतला.

"मेडशीहून बोलून राह्यली. कौसल्याबाई हायेत काय? पोरीचं लगन हाये, हळद पाह्यजे."

ज्योतीनं हातातलं पाकीट खाली ठेवलं. "त्या... गेल्या हो, मावशी. महिना झाला."

मग त्या बाईनं सावकाश विचारलं, "अरे माय... पन बाई, पाकिटावर नाव त्यायचंच हाये ना अजून? मले नवरीसाठी तेच पाह्यजे."

"हो," ज्योती म्हणाली. "तेच आहे. तसंच राहणार आहे."

फोन ठेवून तिनं डोळे पुसले, तेव्हा बोटांची हळद गालाला लागली. ती तिनं पुसली नाही. पुढचं पाकीट उचललं आणि भरायला लागली.