सुजाताबाई फक्त वाटेवर बोलायच्या

फोन आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गात नकाशा शिकवत होते. मोबाइल वर्गात न्यायचा नाही, असा आमच्या भद्रावतीच्या शाळेचा नियम आहे आणि तो मी कधी पाळलेला नाही. पलीकडे घोट गावातले जुन्या ओळखीचे गुरुजी होते. "शमीमबाई, आपल्या सुजाताबाई गेल्या... पहाटे, झोपेतच. शेजारनीनं दार ठोकलं तं उठल्याच नाई." मी "बरं" म्हणाले. मेल्याची बातमी ऐकून 'बरं' म्हणणारी बाई मी एकटीच असेन. फळ्यावर वैनगंगा अर्धी काढून झाली होती. ती मार्कंड्याच्या देवळापाशी उत्तरेला वळवली, पुन्हा खाली आणली, पोरांना वहीत उतरवायला सांगितलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. रडू तिथे आलं. एक पोरगी म्हणाली, "मॅडम, नदीचं नाव लिवाचं राह्यलं." लिहिलं.

नव्वदीच्या सुरुवातीला जिल्हा परिषदेच्या नोकरीचा आदेश घेऊन मी घोटला उतरले, तेव्हा शाळा अजून पुढे, जंगलात आहे हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. नवरा भद्रावतीला फॅक्टरीत, लहानगा लेक सासूपाशी, आणि मी इथे एका खोलीत. शाळेच्या गावाला रस्ता नव्हता. सागाच्या जंगलातून जाणारी एक वाट होती, कुठे बैलबंडीची, कुठे नुसती पायाखालची. दोन शिक्षिकांची शाळा. दुसऱ्या सुजाताबाई. माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या, उंच, सावळ्या, कपाळ कोरं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे डोक्यापासून चपलांपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "सायकल येते?" मी ठसक्यात म्हटलं, "येते." कॉलनीत सायकल चालवणारी पहिली मुलगी मीच होते, अब्बांनी हौसेने शिकवली होती. "डांबरावरची येते, का जंगलातली?" असं विचारून त्या पायडलवर पाय टाकून निघाल्यासुद्धा. त्या दिवशी मी कितीदा पडले ते सांगत नाही, तेवढी अब्रू राहू द्या.

डांबरावर सायकल आपण चालवतो. त्या वाटेवर वाटच आपल्याला चालवते, आपण फक्त भांडायचं नसतं. हे कळायला मला एक अख्खा पावसाळा लागला, कारण भांडणं हा माझा स्वभावच आहे. आधी मुरमाचा चढ, तिथे सीटवरून उठायचं. मग सागाची वाळलेली पानं, पापडासारखी वाजणारी आणि खालचे गोटे झाकून ठेवणारी. मग उतार, उताराच्या पायथ्याशी नाला, नाल्यात रेती. रेतीत ब्रेक मारला की संपलं. सुजाताबाई लुगड्याच्या निऱ्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने पोटरीशी बांधायच्या. मलाही एक पट्टी कापून दिली. मी प्रत्येक दगडावर आपटायचे, तेव्हा त्या वैतागून म्हणाल्या, "दगडाकडं पाहू नोको वो! पाहशील तिथीच चाक जाते. दोन दगडांतल्या वाटेकडं पाह्य." पुढे संसारात कितीतरी अडचणींत मला हे वाक्य आठवलं. उपयोग दरवेळी झालाच असं नाही, पण सायकलवर मात्र कधी चुकलं नाही.

आणि बोलत राहायचं. हा त्या वाटेचा कायदा. त्या जंगलात वाघ होता, पण वाघाची भीती नसे, तो आपल्याला टाळतो. भीती अस्वलाची. अस्वल खाण्यात गुंग असलं की त्याला भान नसतं, माणूस एकदम समोर आला की ते दचकतं आणि दचकलं की फाडतं. मोहाच्या दिवसांत तर पहाटे माणसं आणि अस्वलं एकाच झाडाखाली फुलं वेचायला येतात. म्हणून लांबूनच आवाज यायला हवा. पुढच्याने ओरडून सांगायचं, "रेती!" मागच्याने म्हणायचं, "रेती!" "फांदी!" "फांदी!" आणि मध्ये काही नसेल तर काहीही बोलायचं. भाजी, पोरं, इन्स्पेक्शन, सासू. शाळेत सुजाताबाईंच्या तोंडून कामापुरता शब्द निघायचा. घोटच्या बाजारात लोक त्यांना शिष्ट म्हणत. पण वाट सुरू झाली, सायकल पहिल्या सागाखाली शिरली की या बाईचं तोंड असं सुटायचं की मागे बसून... म्हणजे मागून येऊन मला 'हूं' म्हणायला फट सापडायची नाही. आमची मैत्री अस्वलाने जुळवून दिली असं मी सगळ्यांना सांगते. लोक हसतात. खरंच आहे ते.

त्यांचं सगळं मला असं पाठीमागून कळलं. त्यांच्या पाठीकडे, वेणीकडे पाहत. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा तापाने गेला होता, मूलबाळ नव्हतं. सासरचे "परत ये" म्हणाले नाहीत, माहेरी भावजय आली. वडिलांनी मजुरी करून शिकवलं होतं, "शिकली म्हनून वाचली," असं त्या म्हणायच्या. हे सगळं त्या चढावर धापा टाकत, मध्ये मध्ये "खड्डा!" ओरडत सांगायच्या, त्यामुळे ते ऐकताना रडायची सोय नव्हती. एकदा मी विचारलं, "बाई, रविवारी काय करता हो?" त्यांनी आधी चढ संपवला. मग म्हणाल्या, "रविवारी? रविवारी बोलत नाई." पुढच्या रविवारपासून आम्ही सुट्टीतही त्या वाटेने सायकली काढू लागलो. शाळा बंद, काम नाही, नुसतं जायचं, शाळेच्या व्हरांड्यात डबा खायचा आणि परत यायचं. घोटमध्ये आम्हाला येडपट ठरवलं गेलं. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे रविवार ते. नवरा वाचतोय, तरी लिहिते.

काही वर्षांनी मी बदलीचा अर्ज भरला. लेक मोठा होत होता, नवरा-बायकोने किती काळ दोन गावांत राहायचं? यात माझं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण सुजाताबाईंना ते केंद्रप्रमुखांकडून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुढे, मी मागे, आणि दोघीही गप्प. रेती आली, त्या बोलल्या नाहीत. फांदी आली, माझ्या कपाळाला लागली, मीही बोलले नाही. मीही काही कमी हट्टी नाही. मोहाचे दिवस होते. नाल्याच्या वळणावर सुजाताबाई एकदम थांबल्या आणि माझं चाक त्यांच्या चाकावर आदळलं. समोर मोहाखाली अस्वल. ते मागच्या पायांवर उठलं, छातीवरचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसला. आणि सुजाताबाई अस्वलाकडे तोंड करून गरजल्या, "अर्ज भरला तं सांगाले काय झालं होतं तुले! मी काय अडवली असती? काऊन नाई सांगितलं? सांग! आता मी कोनासंगं बोलू इथी, तुयाच पोराची शपथ, सांग!" अस्वल थोडा वेळ ऐकत राहिलं. मग खाली टेकलं आणि झुडपात निघून गेलं. एवढी बोलणी खाऊन कोण थांबणार? आम्ही दोघी वाटेतच बसलो, हसलो आणि मग दोघीही रडलो.

बदली झाली. तोवर लांबून वळसा घालून पक्का रस्ता आला होता, जीपही चालू झाली होती. निघताना मी त्यांच्या मागेच लागले. "बाई, आता जीपनं जात जा. एकटीनं ही वाट नाही करायची. वचन द्या." त्यांनी माझी गाठोडी बसच्या टपावर चढवून दिली, वचन दिलं नाही. म्हणाल्या, "जीपमधी समदे एकमेकाच्या मांडीवर बसतात अन् कोनी बोलत नाई." त्या त्याच वाटेने जात राहिल्या, निवृत्तीनंतरही, हे मला लोकांकडून कळायचं आणि माझा जीव खालीवर व्हायचा. फोन करावा तर फोनवर त्या मुक्या. "कशा आहात?" "हाये." "वाटेनं जाता ना अजून?" "जातो." "एकट्या?" यावर नुसता श्वास ऐकू यायचा. "बोला की बाई!" "काय बोलू वो, इथी अस्वल नाई..." मी हसून फोन ठेवायचे आणि नंतर बराच वेळ बेचैन असायचे. एकटी बाई, गप्प स्वभाव, मोहाचं जंगल. एक दिवस वाईट बातमी येणार आणि ती त्या वाटेवरूनच येणार, असं मी धरून चालले होते. आली ती अंथरुणावरून.

पुण्यानुमोदनाला मी गेले. विहारात भंतेजींनी वंदना घेतली, शाळेच्या गावाहून माणसं आली होती, पोरं आली होती. कुणाला फार काही सांगता येत नव्हतं. "बाई चांगल्या होत्या. कमी बोलत." सगळे हेच म्हणत होते आणि मला प्रत्येकाचा राग येत होता. त्यांच्या खोलीत मी रात्र काढली. एक खाट, एक ताट, एक वाटी... दुसरं माणूस येईल अशी कसली तयारीच नव्हती त्या खोलीत. दाराशी सायकल होती. सकाळी उठून मी हवा भरली आणि निघाले. गुडघे दुखतात हल्ली, चढावर उतरावं लागलं. कुणाच्या तरी पाठीमागून जायची सवय असलेल्या माणसाला समोरची मोकळी वाट फार लांब वाटते. मोह गळत होता. मी गप्पच होते. बोलायचं कुणाशी?

नाल्याच्या अलीकडे एक म्हातारी गोंड बाई टोपलीत फुलं वेचत होती. सायकल ओळखून तिने मान वर केली. "बाईची हाये ना थे?" मी हो म्हटलं. बाई गेल्याचं तिला माहीत होतं. "मानूस चांगला होता," म्हणाली. "रोज जाये इथून, बोलत बोलत. आमी लांबूनच समजो, बाई आली." मी विचारलं, "कुणाशी बोलायच्या?" "थ्या शमीमसंगं." ती सहज म्हणाली. "शमीम, रेती हाये, ब्रेक मारू नोको. शमीम, आज भाजीत मीठ जास्त झालं. तुया पोराचा निकाल लागला का वो. अशी रोज बोले. जातानी बी, येतानी बी." सायकल माझ्या हातातून कलली, तिने धरली. "तू कोन वो?" "मी शमीम."

म्हातारीने टोपली खाली ठेवली. जवळ आली, माझ्या दंडाला हात लावून पाहिला.

"तू जित्ती हायेस? आमी इतके वर्स समजो, शमीम मेली. मेलेल्या मानसासंगंच कोनी असं बोलते."

भद्रावतीहून इथवर बस लागते, फार तर एक दिवस मोडतो. एवढ्या वर्षांत मी काही वेळा आलेही होते, पण लग्नकार्याला, घोटपर्यंत. त्या वाटेवर मात्र मी रोज होते, आणि मला ते ठाऊक नव्हतं. म्हातारीने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग सायकल सरळ करून माझ्या हातात दिली, टोपली डोक्यावर घेतली आणि म्हणाली,

"अशी चूप नोको जाऊ बाई. काई बी बोल, पन बोलत जा. मोहाचे दिवस हायेत."