तुरीच्या कोठीतली किल्ली

पुण्याहून निघालो तो वऱ्हाडावर उपकार करायलाच. त्या वर्षांत तशी रीतच पडली होती. कापूस गेला, सोयाबीन गेलं अशा बातम्या आल्या की पाहणी करणाऱ्यांच्या गाड्या तिकडे सुटायच्या. माझं पथक एका माणसाचं होतं आणि काम एकच: नांदगाव खंडेश्वरजवळ एकटीनं शेती करणाऱ्या आत्याला कायमचं पुण्याला आणायचं. आमच्या सोसायटीत लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे. माणसाला आणखी काय हवं!

कारंजा मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू झाली. सोयाबीन इतकं खुजं, की त्यात ससासुद्धा लपला नसता. आत्या दारातच उभी होती.

"आला काय बाप्पा? हातपाय धू."

"आत्या, उद्या सकाळी निघायचं. सामान बांध."

"पाहू नं. पयले जेव."

भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आणलं, ते आत्याला बहुधा मायेचं वाटलं असावं.

सकाळी दाराजवळच्या खिळ्यावरून गाडीची किल्ली गायब. "असन इथीच कुठी (असेल इथंच कुठं तरी)," आत्या शांतपणे म्हणाली. वऱ्हाडात पाहुणा उपाशी जाऊ नये म्हणून त्याची किल्ली लपवतात, हे मला ठाऊक होतं. पण मी तर दोनदा जेवलो होतो! सारं घर पालथं घातलं. गाडीची दुसरी किल्ली पुण्याच्या कपाटात सुरक्षित होती आणि त्या कपाटाची किल्ली याच हरवलेल्या जुडग्यात. याला म्हणतात नियोजन.

एसटीनं अमरावती गाठली. शोरूममधल्या टायवाल्या साहेबांनी थंड पाणी दिलं आणि ज्ञान दिलं. किल्लीच्या डोक्यात एक चिप असते. तिला बॅटरी नसते. किल्ली आत घातली, की भोकाभोवतीची तारेची रिंग तिला पुरेशी वीज देते आणि गाडी तिला तिचा नंबर विचारते. नंबर जुळला तरच इंजिन चालू होतं.

"मग नवी द्या ना."

"येईल, दोन-तीन आठवड्यांत. फक्त गाडी इथं घेऊन या."

"किल्लीशिवाय कशी आणू?"

"ते तुमचं तुम्ही बघा, सर."

एवढ्या सौजन्यानं मला आजवर कुणी बाहेर काढलं नव्हतं.

रस्त्यावर गिलावडा (दह्याचटणीत बुडवलेला वडा) खाल्ला आणि वडेवाल्यासमोर मन मोकळं केलं. तो म्हणाला, "अकोल्याले जा नं भाऊ. रशीदभाई तुमच्या गावाले येऊन चाबी बनवून देते. काहून रडून राह्यले?"

अकोल्याला गेलो. रशीदभाईंनी आधी माझ्याकडे आणि मग गाडीच्या कागदांकडे संशयानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते लॅपटॉपची बॅग घेऊन आत्याच्या अंगणात हजर झाले. गाडीच्या दाराचं कुलूप उघडून त्यांनी नवी किल्ली कापली, गाडीला वायर जोडली आणि म्हणाले, "पुरानी चाबी का नंबर गाडी से निकाल देता हूं. नाही तं ज्याले सापडन, तो गाडी घेऊन जाईन."

गाडी सुरू झाली. मी आनंदानं हॉर्न वाजवला. तेव्हा आत्या आत गेली, तुरीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि माझी जुनी किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली.

माझा संताप झाला. तावातावानं तीच किल्ली गाडीला लावून पाहिली. दार उघडलं. इंजिन काही केल्या चालू होईना.

"अब नहीं पहचानेगी," रशीदभाई म्हणाले.

आत्यानं विचारलं, "दार तं उघडलं नं?"

"दार उघडतं, आत्या. गाडी चालू होत नाही."

"पुण्यात मायं असंच होईन बापू. दार तू उघडशीन, जीव बी लावशीन. पन मी चालू होनार नाही." ती शेताकडे बघत होती. "येत नाही म्हनून सांगितलं असतं तं तू आयकला असता काय? म्हनून लपवली."

लिफ्ट, चोवीस तास पाणी, सगळी भाषणं मला पाठ होती. ती अंगणातच सोडून मी गाडीत बसलो.

परतताना शेजारच्या सीटवर आत्याऐवजी तुरीच्या डाळीचं पोतं होतं. पट्टा लावला नाही म्हणून गाडी कारंज्यापर्यंत कुरकुरत राहिली. घरी बायकोनं विचारलं, "आत्या कुठंय?" मी पोतं उतरवलं आणि म्हटलं, "पाहणी झाली."

पुढल्या वर्षी पुन्हा गेलो. आत्या चुलीजवळ होती. मी गाडीची किल्ली तिला दिसेल अशी त्याच खिळ्याला अडकवली आणि हातपाय धुवायला गेलो. परत आलो तेव्हा खिळा रिकामा होता. मी काही न विचारता पाटावर बसलो.