साडभाऊंचा शॉकअप

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू आधी हलवून न पाहता वापरली असेल, यावर माझा विश्वास नाही. लग्नाच्या पंगतीत खुर्चीवर बसण्याआधी ते तिची पाठ धरून मागंपुढं करतात. माझ्याच लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते मांडवाचा खांब हलवून पाहत होते, आणि अर्धे वऱ्हाडी अक्षता टाकायचं सोडून वर बघत होते. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. डिग्रीचं प्रमाणपत्र मी फ्रेम करून समोरच्या खोलीत, आल्यागेल्याला दिसेल असंच लावलंय. त्यात लाजायचं काय? साडू आले, फ्रेमला बोट लावून म्हणाले, "साडभाऊ, डिग्री पक्की हाये, खिळा ढिला हाये." खिळा तोवर ढिला नव्हता. त्यांनी हलवून हलवून केला.

सरकारी गोदामातून निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी पुसदच्या बाजारातून जाड टायरची, पुढं धक्के झेलणारा शॉकअप असलेली, डोंगरात चालवायची सायकल आणली. पँट टाचेशी सुतळीनं बांधून ते निघाले की चौकातली माणसं हातातला चहा तसाच धरून बघत राहत. एकदा मुलीच्या सासरी फुलसावंगीला त्याच सायकलनं गेले, तर परत येताना घाबरलेले व्याही मोटरसायकल घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत त्यांच्या मागं मागं आले. सायकलीपेक्षाही त्यांना तिचा ढिलेपणा शोधण्याचा नाद. नुसतं "सायकल हलते" म्हटलेलं त्यांना चालत नसे. हँडलच्या वाटीतले छर्रे सैल असतील तर सायकल खुळखुळते, चाकाचा एक्सल सैल असेल तर डुगडुगते, आणि शॉकअपच्या नळीतलं बुश झिजलं असेल तर खटखटते. मला म्हणायचे, "मराठी घेऊन बी.ए. केलं ना तुमी? मंग हलते काय म्हनता? काय करते ते सांगा!"

गेल्या हिवाळ्यात ते उतारावर पडले. मनगटाला प्लास्टर. दवाखान्यात मी विचारलं कसे पडलात, तर म्हणाले, "मी नाही पडलो. शॉकअपनं पाडलं. खटखट करून राह्यला होता तो." त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, तिथंच उभी होती. ताई म्हणाल्या, "शॉकअपले काहून नाव ठेवता? हात थरथरतात तुमचे. रोज चहा बशीत सांडून राह्यले, मले दिसत नाही काय?" मग ताईंनीच तोड काढली. प्लास्टर निघाल्यावर सायकल तपासायची. खोट तिच्यात निघाली तर दुरुस्त करून चालवायची. नाही निघाली, तर पुन्हा बसायचं नाही. साक्षीला मी.

रविवारी सकाळी अंगणात सायकल उभी केली. साडूंनी पुढचं चाक उचलून आडवं ओढलं. डुगडुगलं नाही. मग पुढचा ब्रेक आवळून सायकल मागंपुढं करू लागले. मी हँडलच्या वाटीच्या सांध्यावर बोट ठेवून बसलेलो. तिथंही काही नाही. एवढ्यात टक्‌ असा आवाज आला. मी वर पाहिलं. ताईसुद्धा दारात आल्या, आणि खरं सांगतो, त्यांच्या चेहऱ्यावर मला आनंदच दिसला. साडूंनी मात्र ब्रेक सोडला, चाक उंबरठ्याला टेकवलं आणि पुन्हा तसंच हलवलं. आवाज नाही. "ब्रेकचा गुटका हाये तो. जागेवर सरकते. त्याचा अन् शॉकअपचा काही संबंध नाही."

आता एकच जागा उरली होती. चकचकीत नळी शॉकअपच्या जाड पायात शिरते तिथं मी बोट लावलं, त्यांनी पुन्हा ब्रेक धरला. बोटाला केसभर काहीतरी जाणवलं. मी तोंडावर बोलणारा माणूस, पण त्या वेळी त्यांच्याकडं न बघता म्हणालो, "हो, आहे. खटखटतोय."

"तेवढं नव्यातही असते, साडभाऊ. बोट काढा." मग दाराकडं वळून ते म्हणाले, "अवं, शॉकअप चांगला हाये."

ताई आत गेल्या. शॉकअप ढिला आहे असं साडूंनी म्हटलं असतं, तर अख्ख्या पुसदात ते खोडून काढणारं कोणी नव्हतं. त्यांनी फडकं घेतलं, नळ्या पुसल्या आणि सायकल माझ्या हातात दिली. विकायचं नाव ताईंनीही काढलं नाही.

आता ती मी चालवतो. घरापासून नाक्यापर्यंत आणि परत. डोंगर माझ्याच्यानं होत नाही. दर पंधरा-वीस दिवसांनी मात्र ती त्यांच्या अंगणात नेऊन उभी करतो आणि म्हणतो, पुढून काहीतरी लागतंय हाताला, जरा बघता का. लागत काहीच नसतं, आणि ते त्यांनाही ठाऊक असतं. ते चष्मा लावतात, दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरतात, ब्रेक आवळतात आणि तपासायला हवा त्यापेक्षा बराच जास्त वेळ लावतात.