आधी उघड, मग बंद

"अक्का, तुमचा डबा चांगला हाय. पण माझा पाइप कामून फोडायलाय?"

जनवाड्याहून रेवणप्पा अण्णांचा फोन आला, तेव्हा मी भालकीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये दिवसाच्या कामांची यादी करत होते. त्या यादीतलं एकही काम त्या दिवशी झालं नाही.

आधी डब्याबद्दल सांगते. आम्ही पाइपलाइनवरच्या मोटराइज्ड व्हॉल्व्हचे कंट्रोलर बनवतो. रेवणप्पा अण्णा आणि त्यांचे चुलतभाऊ चन्नप्पा यांची विहीर एक, मोटर एक, पाइपलाइनही एक. पुढे तिला दोन फाटे, एकेकाच्या रानात जाणारे. पाण्याची बारी, म्हणजे पाळी, ठरलेली. ज्याची बारी असेल त्याच्या फाट्याचा व्हॉल्व्ह आमचा डबा उघडतो आणि दुसरा बंद करतो. कुणाला अडचण असेल तर मोबाइलवरून बारी बदलता येते.

पाइप दोनदा फुटला होता. पहिल्यांदा लाइट जाऊन आली तेव्हा. दुसऱ्यांदा लाइट असताना, मोटर व्यवस्थित चालू असताना. या दुसऱ्या वेळेनं घोटाळा केला. रेवणप्पा अण्णांचं म्हणणं, चन्नप्पानं मुद्दाम हातानं व्हॉल्व्ह फिरवला. चन्नप्पा म्हणत होते, मी त्या दिवशी तूर घेऊन आळंदच्या बाजारात होतो. अण्णांनी ते ऐकलं, पण मानलं नाही. दोघांचं बोलणं बंद झालं होतं. आणखी एकदा फुटला तर पाइप मधोमध कापणार, असं अण्णांनी गावात सांगून टाकलं होतं. चन्नप्पांच्या रानात दुसरी विहीर नव्हती आणि हरभरा फुलावर आला होता.

मी अण्णांना म्हटलं, डबा बंद ठेवा, आठवडाभर व्हॉल्व्ह हातानं फिरवा. ते म्हणाले, "फिरवतो. पर त्याला तिथं येऊ देणार न्हाई."

पहिल्या फुटीचं कारण लगेच सापडलं. डब्यातला प्रोग्राम आमच्या महेशनं लिहिला होता. तो बेंगळुरूच्या कारखान्यांत काम करून आलेला. तिथला नियम असा की लाइट गेली आणि परत आली, तर सगळं आधी बंद करायचं. तेच सुरक्षित. पण आमच्या भागात लाइटचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक स्टार्टर ऑटोवर ठेवलेला असतो. लाइट आली की मोटर आपोआप चालू होते. म्हणजे डबा दोन्ही व्हॉल्व्ह बंद करत होता आणि मोटर खालून पाणी ढकलत होती. पाणी जाणार कुठं? जुना जॉइंट उडाला.

यात नवं काहीच नव्हतं. दारं धरताना, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यांना देताना, पुढच्या वाफ्याचं तोंड आधी उघडायचं, मग मागचं बुजवायचं. उलटं केलं तर पाट फुटतो. हे मला माहीत, महेशला माहीत, आमचे मालक बसवराज अप्पा यांना माहीत. आम्ही सगळी शेतकऱ्यांची मुलं. पण प्रोग्राममध्ये हा नियम कुठंच नव्हता. वर्कशॉपमध्ये आम्ही व्हॉल्व्हच्या जागी बल्ब लावून टेस्टिंग केलं होतं. बल्ब काही फुटत नाही.

अप्पा म्हणाले, "अण्णाला सांग, ऑटो काढ म्हणावं. विषय संपला."

मी म्हटलं, "अप्पा, रात्री लाइट आल्यावर बटण दाबायला विहिरीवर तुम्ही जाणार का?"

अप्पांनी ऑटोचा हट्ट सोडला. मग प्रोग्राममधली ती बंद करायची एक ओळ दुरुस्त करा, म्हणाले. ओळ दुरुस्त करणं सोपं होतं. पण त्यानं दुसऱ्या फुटीचं कारण कळत नव्हतं, आणि अशी ओळ आणखी कुठं आहे हेही कळत नव्हतं. मी व्हॉल्व्ह फिरवणारा सगळा भाग रस्ट नावाच्या भाषेत पुन्हा लिहायचं ठरवलं.

"रस्ट म्हंजी गंज," अप्पा म्हणाले. "हजार नावं होती, गंजच कामून घ्यायलीस?"

"नाव मी ठेवलेलं नाही, अप्पा. आठ दिवस द्या."

"पाच घे."

ते असं का केलं, हे थोडक्यात सांगते. आपण प्रोग्राम माणसाला वाचता येईल असा लिहितो. तो चिपच्या भाषेत बदलून देणाऱ्याला कंपायलर म्हणतात. त्याला एखादी गोष्ट पटली नाही, तर तो एरर दाखवून थांबतो, बदलून देतच नाही. म्हणजे चूक टेबलावर सापडते, रानात जात नाही. अट एवढीच, की काय पटवून घ्यायचं ते त्याला आधी सांगावं लागतं.

मी सांगितलं ते असं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, त्याच्या स्विचनं तशी खात्री दिली, की प्रोग्रामला त्या व्हॉल्व्हचं एक टोकन मिळेल. बंद करायला दोन टोकन लागतील: जो बंद करायचा त्याचं, आणि दुसरा उघडा असल्याचं. बंद केलेल्याचं टोकन तिथंच संपेल. महेशचा प्रोग्राम जुन्या सी भाषेत होता; तिच्यात अशा टोकनची नक्कल करता येते आणि कंपायलर हूं का चूं करत नाही. रस्टमध्ये मी ठरवलेलं टोकन एकदा दिलं की दिलं, त्याची नक्कल होत नाही. तेव्हा दोन्ही बंद करणारी ओळ लिहिली, तर प्रोग्राम तयारच होणार नाही.

महेश आधी नाराज होता. त्यानं मुद्दाम आपली जुनी ओळ लिहून पाहिली. एरर आली. त्यानं वेगवेगळ्या वाटांनी प्रयत्न केले. सगळीकडे एरर. "अक्का, हे मला बंदच करू देईना," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

मग आम्ही बाकीचा प्रोग्रामही जसाच्या तसा रस्टमध्ये आणून नव्या भागाला जोडला आणि कंपायल केला. एक एरर अजून आली, जिची आम्ही वाट पाहत नव्हतो. ती मोबाइलवरून बारी बदलण्याच्या भागात होती. तिथं चालू व्हॉल्व्ह आधी बंद होत होता आणि त्यानंतर दुसरा उघडायला लागत होता. तो पूर्ण उघडायला अर्धं मिनिट लागतं. तेवढा वेळ दोन्ही बंद, आणि मोटर चालू.

मी चन्नप्पांना फोन लावला. आळंदला गेलात त्या दिवशी मोबाइलवरून बारी बदलली होती का, असं विचारलं.

"व्हय की," ते म्हणाले. "बाजारात उशीर व्हायला लागला, म्हणून माझी बारी अण्णाला देऊन टाकली. कामून? त्यात काय चुकलं?"

काहीच चुकलं नव्हतं. माणसानं भावाला पाणी देऊ केलं होतं आणि आमच्या डब्यानं पाइप फोडला होता.

नवा प्रोग्राम घेऊन मी आणि महेश जनवाड्याला गेलो. चन्नप्पांना मीच बोलावून घेतलं. ते बांधापलीकडे उभे राहिले. मी रेवणप्पा अण्णांना सगळं सांगितलं, आणि व्हॉल्व्हला कुणी हात लावला नव्हता हेही सांगितलं. अण्णांनी वाकून जॉइंटवरची माती झटकली. मग बांधापलीकडे न बघताच म्हणाले, "मोबाइल आणलायस का?"

"हाय," चन्नप्पा म्हणाले.

"मग बदल बारी. मी हितंच उभा राहतो."

मोटर चालू होती. चन्नप्पांनी बारी बदलली. आधी एका रानात पाणी होतं, मग थोडा वेळ दोन्ही रानांत, मग दुसऱ्या रानात. जॉइंट कोरडा राहिला. अण्णांनी त्यावर हात फिरवून खात्री केली आणि चन्नप्पांना म्हणाले, "तिकडं काय उभारलायस? चहा सांगितलाय."

तेव्हापासून एक हंगाम झाला, पाइप फुटलेला नाही. व्हॉल्व्हमध्ये खडा अडकला किंवा उंदरानं वायर कुरतडली, तर कंपायलर काही करू शकत नाही. त्यासाठी आम्ही प्रेशर सोडणारा वेगळा व्हॉल्व्हही बसवला. आणि माझ्या यादीत प्रत्येक कामाच्या वर आता एक ओळ असते: या कामात सगळ्यांना माहीत असलेलं काय आहे? ते आधी लिहून काढायचं. कारण ते दुसरं कुणी लिहिणार नसतं.