लिपनिकची मोठी घंटा

गाश्पर कोरेनला रागवायला कारण लागत नसे, पण लिपनिकच्या लोकांनी त्याला कारणं कधी कमी पडू दिली नाहीत. बाप गेला तेव्हा त्याच्या वाट्याला उतारावरची दगडाळ जमीन आली. तिच्यावर शेळ्यासुद्धा नाइलाजानं चरायच्या. गाव हसलं. त्यानं दगड वेचून बांध घातले, द्राक्षवेली लावल्या आणि पहिली वाईन स्वतःच गाडीत घालून शहरात विकून आला. पुढे इतरांची वाईनही तोच नेऊ लागला, पिंपं बनवायचा कारखाना काढला, चौकात खानावळ उघडली. हसणारे तिथंच येऊन प्यायला लागले आणि त्याला मालक म्हणायला लागले. याचाही त्याला राग यायचा.

बायको बाळंतपणातच गेली. मुलगी उर्शा हिला त्यानं वाईनच्या गाडीवर, पिंपांच्या मधे बसवून वाढवलं. अख्ख्या जगावर डाफरणाऱ्या या माणसानं तिच्यावर कधी आवाज चढवला नाही. ओढ्यापलीकडे आनाची टेकडी म्हणून गाव आहे, तिथल्या लेनार्टशी लग्न करते म्हणाली, तर एवढंच बोलला की पोरगा वेली बरा छाटतो, बाकीचं शिकेल.

आमच्याकडे उन्हाळ्यात काळा ढग चढला की चर्चची घंटा वाजवतात. आवाजानं गारांचा ढग मागे हटतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हटलेला ढग शेजारच्या गावावर जातो, हेही ठाऊक. ते मात्र कुणी मोठ्यानं बोलत नाही. देवाच्या घंटेनं शेजाऱ्याचं वाटोळं करायचं आणि रविवारी त्याच देवापुढे गुडघे टेकायचे, यात कुणालाही काही वावगं वाटत नसे.

उर्शाच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात गारा लिपनिकवर पडल्या. गाश्परच्या वेलींवर एक घड उरला नाही. आनाच्या टेकडीवर पानसुद्धा फाटलं नव्हतं. त्यांची घंटा दुपारभर घणघणत होती, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. महिन्याभरानं तिकडच्या जत्रेत त्यांच्या घंटावाल्यानं गाश्परला भर मांडवात विचारलं, "मालक, तुमच्या चर्चला घंटा आहे का शेळीच्या गळ्यातलं काढून टांगलंय?" मांडव हसला. लेनार्टही हसला. सासऱ्याचं वर्षाचं पीक मातीत गेलेलं, आणि हा गाढव दात काढतोय.

गाश्परनं स्वतःच्या पैशानं नवी घंटा ओतून आणली. चढावर तिला ओढताना बैलांच्या तोंडाला फेस आला. फादर म्हणाले, गारांपासून वाचायला प्रार्थना पुरेशी असते. पण फादरांचा स्वतःचा मळा लिपनिकमध्येच होता, म्हणून घंटेला आशीर्वाद देताना त्यांनी हात जरा जास्तच वेळ वर धरला.

पुढच्या उन्हाळ्यात ढग आला. नवी घंटा अशी वाजली की खानावळीतले पेले थरथरले. ढग वळला आणि आनाच्या टेकडीला झोडपून गेला. त्यानंतरच्या उन्हाळ्यातही तेच झालं. लिपनिकनं गाश्परला डोक्यावर घेतलं. ओढ्यापलीकडे त्याची मुलगी राहते, हे गावातल्या एकालाही आठवलं नाही. गाश्परलाही आठवलं नसावं, कारण दुसऱ्यांदा ढग वळला त्या संध्याकाळी त्यानं सगळ्यांना फुकट पाजली.

दुसऱ्या दिवशी उर्शा आली. पोटुशी होती, चिखलातून चालत आलेली. म्हणाली, बाबा, आमचं सगळं गेलं, एवढी घंटा बंद करा.

लेकीला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, हे सोडून हा माणूस काय म्हणाला? "सासर निवडताना आभाळ बघायचं होतंस."

ती बसली नाही. परत गेली आणि पुन्हा आली नाही. नातीचा बाप्तिस्मा झाला तो त्याला पलीकडच्या घंटेवरून कळला. पुढे कितीदा तरी तो ओढ्यापर्यंत जायचा आणि बांधाच्या दगडांना लाथा घालून परत यायचा. एकदा घोडेबाजारात उर्शा समोरच आली. कडेवरच्या नातीनं, नेझिकानं, त्याच्याकडे बोट दाखवून आईला विचारलं, "हाच का तो घंटावाला?" उर्शा पुढे निघून गेली. गाश्पर घरी आला आणि कुऱ्हाड घेऊन एक नवंकोरं पिंप त्यानं फोडून टाकलं.

त्याच वर्षी, द्राक्षं भरत आली असताना, ढग आला. हिरवट काळा, आजवर न पाहिलेला. घंटा वाजवणारा योश्ट मनोऱ्याकडे धावला, पण गाश्पर आधीच तिथं होता. त्यानं योश्टला बखोटीला धरून बाहेर काढलं, दार लावलं आणि हातात वेलीचा खुंट घेऊन पायरीवर बसला.

गाव जमलं. कुणी हात जोडले, कुणी आईबहिणीचा उद्धार केला. फादर म्हणाले, गाश्पर, ही देवाची घंटा आहे.

"माझी आहे," गाश्पर म्हणाला. "तिकडे माझी पोर आहे. आज वाजायची नाही. ज्याला वाजवायचीय त्यानं पुढं यावं."

पुढे कुणी आलं नाही. गारा आल्या. लिपनिकमध्ये पान राहिलं नाही, कौल राहिलं नाही, खानावळीची एक काच राहिली नाही. रक्ताळलेल्या डोक्यानं गाश्पर पायरीवर बसून होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या पोटात राग नव्हता. निदान तिकडे तरी वाचलं असेल, असं तो मनाशी म्हणत होता.

सकाळी उर्शा आली, कडेवर नेझिका. खानावळीच्या दारात उभी राहून तिनं बापाला सुनावलं की पुरे झालं, यंदा वेलीसुद्धा मुळापासून मेल्या, गारांच्या आवाजात ऐकू आली नाही तरी वाजवलीच असणार, आता तरी घंटेचं समाधान झालं का.

चौकातून योश्ट ओरडला, "कसली घंटा, बाई? तुझ्या बापानं दार अडवलं. एक टोल पडू दिला नाही. गाव बुडवलंन् त्यानं, तुझ्यापायी!"

उर्शानं योश्टकडे बघितलं, मग बापाच्या फुटलेल्या डोक्याकडे.

"मग आमच्याकडे कशा पडल्या?"

उत्तर गाश्परकडे होतं, आणि ते गिळताना त्याला आपल्या घंटेचा एकेक टोल आठवत होता. ढग आपल्या वाटेनं येत-जात होता. आपण मात्र फुकाच्या घंटेपायी लेक घालवली. योश्टवर, फादरांवर, कुणाकुणावर ओरडायला त्यानं श्वास घेतला, पण ओरडण्याजोगा एकच माणूस तिथं होता आणि तो स्वतःच होता.

"मी गाढव आहे, उर्शा," तो म्हणाला.

"ते मला माहितीय," ती म्हणाली. "पोरीला धरा. काचा आहेत खाली."